क्वांटम डॉटने बायोमार्कर पकडायचाय? आधी ब्लँक सांभाळा

क्वांटम डॉट (काही नॅनोमीटरचे, उजेड पडला की चमकणारे सेमीकंडक्टर कण) हातात आले की सगळेच आधी यूव्ही दिव्याखाली ट्यूब धरून बघत बसतात, आणि बघावंच, कॅडमियम सेलेनाइडचा कण २ नॅनोमीटरच्या आसपास असला तर निळा आणि ६ च्या आसपास गेला की लाल, हे डोळ्यांनी बघताना खरंच हरखायला होतं. यांच्याच शोधाला २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. पण रक्तातला अगदी कमी असलेला मार्कर (आजाराची खूण असलेलं प्रोटीन वगैरे) पकडायचा तर मार्कर नसलेल्या वेलमधे (प्लेटमधल्या खळग्यात), म्हणजे ब्लँकमधे, किती कमी उजेड येतो यावर सगळं अवलंबून असतं.

म्हणून रंग लालच घ्या, ६५५ नॅनोमीटरवाला. सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी) स्वतःच निळं-हिरवं चमकतं, त्यापासून लांब राहिलेलं बरं. ९८० नॅनोमीटरचा लेसर असेल तर अपकन्व्हर्जन कण (इन्फ्रारेड उजेड घेऊन दिसणारा उजेड देणारे) अजून छान, त्या उजेडात सीरमची स्वतःची चमक जवळजवळ येतच नाही.

आता डॉटला अँटीबॉडी (मार्करला नेमकं धरणारं प्रोटीन) जोडणं, खरी गडबड इथेच होते. कार्बॉक्सिलवाले डॉट घ्या, आणि ते अँटीबॉडीच्या अमाइनला जोडायला ईडीसी आणि सल्फो-एनएचएस ही दोन रसायनं. आधी अँटीबॉडीची माहितीपत्रिका नीट वाचा, बफरमधे ट्रिस, ग्लायसिन किंवा बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) असेल तर ते काढल्याशिवाय पुढे जाऊच नका कारण त्यांचे अमाइन अँटीबॉडीच्या आधी जाऊन चिकटतात. ईडीसीची बाटली फ्रीझरमधून काढली की गार असताना उघडू नका, ओल धरते, आणि पाण्यात कालवलं की लगेच वापरा. मी एकदा जास्त जोडणी होईल म्हणून ईडीसी दुप्पट टाकलं, तर यूव्हीखाली ट्यूबच्या तळाशी लालभडक कणी बसलेली आणि वरचं पाणी मलूल, सगळे डॉट एकमेकांनाच चिकटले होते. शेवटी साइज-एक्स्क्लूजन कॉलममधून (आकारानुसार कण वेगळे करणारी नळी) मोकळी अँटीबॉडी काढाच, ती राहिली तर मार्कर तीच पकडून बसते आणि उजेड काही येत नाही.

प्लेट काळीच. पकडणारी अँटीबॉडी ४ डिग्रीला रात्रभर, मग १ टक्का बीएसएने तासभर ब्लॉक (उरलेली मोकळी जागा झाकणं), मग सँपल, मग डॉटवाली अँटीबॉडी (ही मार्करच्या वेगळ्या जागेवर बसणारी हवी), आणि मधल्या प्रत्येक धुण्यात ०.०५ टक्के ट्वीन-२० (सौम्य डिटर्जंट). धुण्यात घाई केली की ब्लँक चढलाच म्हणून समजा.

ब्लँक वेल निदान १० ठेवा, त्यांच्या उजेडाची सरासरी अधिक ३ स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणजे तुमची डिटेक्शन लिमिट (ओळखता येणारी सगळ्यात कमी पातळी). स्टँडर्ड कर्व्ह (माहीत असलेल्या प्रमाणांना किती उजेड येतो त्याचा आलेख) बफरमधे काढू नका, मार्कर नसलेल्या सीरममधेच काढा, नाहीतर लिमिट कागदावर सुंदर दिसते आणि पेशंटच्या सँपलला कोलमडते. ज्या सँपलमधे मार्कर भरपूर असायची शक्यता आहे ते १० पट पातळ करून परत मोजा, हिशोबाने आकडा आधीपेक्षा वाढला तर तो हुक इफेक्ट (मार्कर फार जास्त झाला की उजेड उलट कमी येतो), पातळ केलेलाच धरा.

आणि डॉटचं उरलेलं पाणी सिंकमधे ओतू नका प्लीज, त्यात कॅडमियम आहे, वेगळ्या डब्यात लेबल लावून ठेवा.