बऱ्याच वर्षांनी पुन्हा घोड्यावर बसताना: गोव्यातील स्वारांसाठी मार्गदर्शन

लहानपणी किंवा कॉलेजच्या वयात रीतसर घोडेस्वारी शिकलेला माणूस पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा खोगिरावर बसतो, तेव्हा त्याला सर्वांत मोठा धोका स्वतःच्या आठवणीचा असतो. लगाम कसा धरावा, टाच केव्हा लावावी, दुडकीच्या (ट्रॉटच्या) तालावर केव्हा उठावे हे सारे डोक्याला आठवत असते आणि हात ते करूही लागतात. पण मांड्यांचे आतले स्नायू, कंबर आणि पोट यांनी ते काम मधल्या काळात कधी केलेलेच नसते. नवखा माणूस भीतीपोटी घोडा चालता ठेवतो, तर परतलेला स्वार दुसऱ्याच फेरीत कँटर, म्हणजे दुडकीहून वेगवान चाल, मागतो आणि तिथे पडतो. म्हणून पुढच्या सर्व सूचनांचा रोख एकच आहे: पहिले दोन-तीन महिने वेग शरीराने ठरवावा, आठवणीला तो ठरवू देऊ नये.

गोव्याला घोडा नवा नाही. इराणच्या आखाताच्या मुखाशी असलेल्या ओर्मुझकडून येणारे घोडे एके काळी येथील बंदरात उतरत आणि विजयनगरच्या व दख्खनच्या सैन्यांकडे जात. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यावर या व्यापारावर ताबा ठेवण्यासाठी त्यांनी बरेच प्रयत्न केले. शिगम्यात डिचोली, सत्तरी आणि पेडण्याच्या गावांत कमरेला लाकडी घोडे बांधून घोडेमोडणी आजही नाचली जाते. जिवंत घोडा मात्र येथे क्वचितच भेटतो. पुण्या-मुंबईप्रमाणे रेसकोर्स नाही, रीतसर शिकवणाऱ्या जागा मोजक्या आहेत, आणि घोडा म्हटले की किनाऱ्यावर पर्यटकांना फेरी मारून आणणारेच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येतात. पुण्याला किंवा बेळगावला शिकून आता पणजी, फोंडा किंवा म्हापशात स्थिरावलेल्या माणसाने हे आधीच गृहीत धरावे. जवळची जागा चांगली नसेल तर दर आठवड्याला तासभर गाडी चालवून चांगल्या जागी जाण्याची तयारी ठेवावी.

आधी डॉक्टर, मग तबेला

चाळिशीनंतर परतणाऱ्याने फॅमिली डॉक्टरांशी एकदा बोलून घ्यावे. कमरेच्या मणक्यांचे, नितंबाच्या सांध्याचे किंवा गुडघ्याचे जुने दुखणे असेल तर ते सांगावे, आणि रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांनी हाडांची घनता तपासून घ्यावी, कारण तरुणपणी खरचटण्यावर निभावलेले पडणे या वयात मनगट किंवा खुबा मोडू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हा प्रश्न अधिक गंभीर आहे. अशा माणसाच्या डोक्याला लागलेला साधा मारही आत रक्तस्राव घडवू शकतो. धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत असतात, त्यामुळे दहा वर्षांत धनुर्वाताची लस घेतली नसेल तर ती घेऊनच सुरुवात करावी.

वजनाचा प्रश्न संकोचाचा वाटतो, पण तो टाळू नये. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांपेक्षा जास्त भार नसावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. ४५० किलोच्या थरोब्रेड (शर्यतीच्या जातीच्या) घोड्यासाठी ही मर्यादा ९० किलो होते, तर ३५० किलोच्या लहान चणीच्या घोड्यासाठी खोगिरासह ७० किलो. कॉलेजात ५५ किलो असलेल्या माणसाचे आज ८० किलो झाले असेल, तर त्याला तेव्हाचा नव्हे, आजच्या वजनाला पेलणारा घोडा मागावा लागेल.

घोड्यावर बसण्यापूर्वी चार ते सहा आठवडे घरी व्यायाम करावा. बद्धकोनासनाने मांड्यांची आतली बाजू मोकळी होते, मलासनाने नितंबाचे सांधे आणि घोटे सैल होतात, वृक्षासनाने तोल सुधारतो. जिन्याच्या पायरीवर पायाचा चवडा टेकवून टाच खाली सोडण्याचा सराव रोज दोन-तीन मिनिटे केला, तर रिकिबीत टाच खाली ठेवताना पोटरी ओढली जात नाही. पोट आणि पाठ यांच्या बळकटीसाठी प्लँक पुरेसा आहे.

जागा आणि घोडा निवडताना

पहिल्या भेटीत घोड्यावर बसू नये, नुसते पाहावे. घोड्यांना सावली आणि स्वच्छ पाणी आहे का, तंगाखाली (खोगीर बांधण्याच्या पोटाखालच्या पट्ट्याखाली) आणि खांद्याच्या उंचवट्यावर खोगिराच्या घर्षणाच्या जखमा आहेत का, खूर वेळच्या वेळी कापले जातात का, हे न विचारताही दिसते. प्रशिक्षक दुसऱ्याला शिकवत असताना अर्धा तास कठड्याशी उभे राहावे: तो मोबाइलकडे पाहतो की स्वाराकडे, सूचना देतो की नुसता ओरडतो, घाम आलेला घोडा लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाला देतो की त्याला फिरवून थंड करतो, यावरून त्या जागेची पारख होते. आपल्याला आधीचा अनुभव किती, दुखापत कोणती, वजन किती, हे प्रशिक्षकाने आपणहून विचारले तर ते चांगले लक्षण समजावे. जो हे काहीच न विचारता घोडा पुढे आणतो, त्याच्याकडे परत जाऊ नये.

किनाऱ्यावरची फेरी ही पुनरागमनाची जागा नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे कुंपण नाही, भटके कुत्रे, पतंग, वॉटर स्पोर्ट्सचे आवाज आणि सेल्फी काढणारी माणसे आहेत, आणि घोडा बहुधा दिवसभर तेच काम करून थकलेला असतो.

आपल्या देशातील अनेक रायडिंग क्लबांत रेसमधून निवृत्त झालेले घोडे असतात. त्यांच्यात सुरेख घोडे आहेत, पण शर्यतीसाठी तयार झालेला घोडा लगामाचा ताण हा थांबण्याचा इशारा म्हणून शिकलेला नसतो. त्या ताणाला टेकून धावायची त्याला सवय असते. परतलेला स्वार घाबरला की दोन्ही लगाम ओढतो, आणि हा घोडा वेग वाढवतो. म्हणून नीट पुन्हा शिकवलेला, बरीच वर्षे नवख्यांना वागवणारा, पंधरा वर्षांच्या आसपासचा शांत घोडा मागावा. तो आळशी वाटला तरी चालेल.

प्रशिक्षकाला सांगताना "मला येते" असे म्हणू नये. "अमुक वर्षी अमुक चालीपर्यंत शिकलो होतो, त्यानंतर बसलेलो नाही, मला लाँजपासून सुरुवात करायची आहे," एवढे सांगितले की कोणताही जाणता प्रशिक्षक पुढचे समजतो. लाँज म्हणजे प्रशिक्षकाने लांब दोरीवर घोडा वर्तुळात फिरवणे. घोड्याचे नियंत्रण त्याच्या हाती राहते आणि स्वाराला केवळ स्वतःच्या बैठकीकडे लक्ष देता येते.

पोशाख

हेल्मेट घोडेस्वारीसाठीच बनवलेले असावे. स्कूटरचे हेल्मेट त्या कामाचे नाही. जुने हेल्मेट कपाटात जपून ठेवलेले असले तरी ते वापरू नये, कारण आतला फोम वर्षांनुवर्षे कडक होत जातो आणि एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी निकामी झालेले असते. बुटाला सुमारे दोन सेंटीमीटरची टाच हवी, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जाऊन अडकत नाही. गोव्यात सवयीने पायात असणारी चप्पल तबेल्याच्या फाटकाबाहेरच ठेवावी.

पहिले दिवस

पहिल्या दिवशी वेळेआधी जावे आणि मोतद्दाराच्या (घोड्याची देखभाल करणाऱ्याच्या) सोबतीने घोड्याला स्वतः खरारा करावा, म्हणजे ब्रशने त्याचे अंग साफ करावे. त्या दहा मिनिटांत घोड्याचा स्वभाव कळतो, कुठे हात लावलेला त्याला चालत नाही ते कळते, आणि स्वाराचीही धडधड कमी होते. नंतर सामान स्वतः तपासावे. पावसाळ्यातील दमटपणामुळे गोव्यात चामड्याला बुरशी येते आणि शिवण आतून कुजते. रिकिबीचे पट्टे आणि तंगाचे पट्टे छिद्रांपाशी वाकवून पाहावेत, भेगा दिसल्या तर दुसरे खोगीर मागावे. रिकिबीची लांबी अंदाजे ठरवण्याची जुनी रीत आजही उपयोगी आहे: बोटांची टोके पट्ट्याच्या बकलाशी टेकवली की रिकीब काखेपर्यंत पोहोचली पाहिजे.

चढताना ठोकळा किंवा पायरी वापरावी. जमिनीवरून उडी मारून चढण्यात मर्दुमकी नाही. खोगीर एका बाजूला ओढले जाते आणि घोड्याच्या पाठीवर ताण येतो. चढल्यावर चार पावले चालवून तंग पुन्हा तपासून घ्यावा, कारण पोट फुगवून उभा राहिलेला घोडा चालू लागला की तंग ढिला पडतो.

पहिला धडा अर्ध्या तासापेक्षा मोठा नसावा आणि त्यातील बहुतेक वेळ चालण्यात जावा. चालीवर रिकिबीतून पाय काढून सैल सोडावेत, एकेक हात वर नेऊन खाली आणावा, कमरेपासून डावीउजवीकडे वळावे, डोळे मिटून घोड्याचा कोणता मागचा पाय पुढे येतो आहे ते ओळखण्याचा प्रयत्न करावा. चाल चार ठोक्यांची, दुडकी दोन ठोक्यांची आणि कँटर तीन ठोक्यांचा असतो. हे ठोके नितंबांना कळू लागले की मांड, म्हणजे खोगिरावरची पक्की बैठक, परत येऊ लागली असे समजावे. बाजूने पाहणाऱ्याला स्वाराचा कान, खांदा, नितंब आणि टाच एका उभ्या रेषेत दिसले पाहिजेत. परतलेल्या स्वाराची टाच बहुधा पुढे सरकलेली असते, खुर्चीत बसल्यासारखी, कारण मधली वर्षे त्याने खुर्चीतच काढलेली असतात.

दुडकीवर आल्यावर खरी परीक्षा सुरू होते. ताल आठवतो, पण दहाव्या-बाराव्या उठबशीला मांड्या दमतात. मग गुडघे खोगिराला आवळले जातात, टाच वर येते आणि तोल सावरण्यासाठी हात लगामाला लोंबकळतात. त्या लोंबकळण्याचा त्रास थेट घोड्याच्या तोंडाला होतो. यावर उपाय साधा आहे. घोड्याच्या गळ्यात एक पट्टा बांधून घ्यावा आणि तोल गेला की लगामाऐवजी तो धरावा. दुडकीच्या दोन-दोन फेऱ्यांनंतर चालीवर यावे. आणि मोठ्याने एक-दोन मोजावे, म्हणजे श्वास रोखला जात नाही. वर्तुळात बाहेरच्या बाजूचा पुढचा खांदा पुढे जाताना उठावे, हा नियम आठवत नसेल तर काही दिवस प्रशिक्षकाला सांगू द्यावे. तो खांदा पाहण्यासाठी सारखी मान खाली घालू नये, कारण नजर खाली गेली की खांदे पुढे झुकतात आणि तोल घोड्याच्या मानेवर जातो.

दुसऱ्या दिवशी मांड्यांची आतली बाजू दुखणे स्वाभाविक आहे. एकाच जागी टोचणारी कळ, पायात मुंग्या येणे किंवा नितंबाचा सांधा अडकल्यासारखा वाटणे हे मात्र स्नायूंचे दुखणे नव्हे. त्यासाठी थांबून डॉक्टरांना दाखवावे. आठवड्यातून एकदा तासभर बसण्यापेक्षा दोनदा अर्धा तास बसल्याने शरीर लवकर जुळवून घेते.

कँटर केव्हा, याला तारीख नाही. रिकिबीशिवाय दुडकीत तोल राहतो, लगाम न ओढता पाठ ताठ करून आणि श्वास सोडून घोडा चालीवर आणता येतो, आणि प्रशिक्षकही हो म्हणतो, या तिन्ही गोष्टी जमल्यावर तो लाँजवर करून पाहावा. वयाची सबब सांगणाऱ्यांना जपानचे घोडेस्वार हिरोशी होकेत्सू यांचे उदाहरण नेहमी दिले जाते: ते १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उतरले, आणि पुढे २००८ ला बीजिंगमध्ये आणि २०१२ ला वयाच्या ७१ व्या वर्षी लंडनमध्ये. उदाहरण खरे आहे, पण परतणाऱ्यांसाठी ते अर्धेच लागू पडते. मधल्या काळात नोकरी सांभाळून त्यांची घोडेस्वारी चालूच होती.

गोव्याची हवा, वाळू आणि पाऊस

दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे घोड्याचे आणि स्वाराचे दोघांचेही अंग थंड होण्यास वेळ लागतो. मार्च ते मे या काळात सकाळी आठच्या आत खोगीर उतरलेले असावे. विश्रांतीतील घोड्याचा श्वास मिनिटाला साधारण ८ ते १६, नाडी २८ ते ४४ आणि तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. काम संपवून सावलीत अर्धा तास उभा केल्यावरही श्वास जोरात चालू असेल, किंवा उन्हात काम करूनही घोड्याला घामच येत नसेल, तर अंगावर गार पाणी ओतत राहून पशुवैद्याला बोलवावे.

किनाऱ्यावर जायचेच असेल तर मैदानात तिन्ही चाली हाती आल्यानंतर, अनुभवी सोबत्याबरोबर आणि ओहोटीच्या वेळी जावे. ओहोटीने उघडी पडलेली ओली, घट्ट वाळू खुरांना बरी. वरची कोरडी, भुसभुशीत वाळू घोड्याच्या पायांतील कंडरा (टेंडन) ताणते, म्हणून तिच्यावर केवळ चालवावे. ओहोटी रोज सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे मागच्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. नदीच्या मुखाजवळ वाळू वरून घट्ट दिसली तरी आत खचते. तिथे घोडा घालू नये. मोरजी, आगोंद आणि गालजीबाग येथे हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, त्या पट्ट्यांपासून घोडा पूर्णपणे लांब ठेवावा. आतल्या भागातील जांभ्या दगडाच्या सड्यावर फिरून आल्यावर खूर उचलून खडे काढावेत.

जून ते सप्टेंबर बहुतेक उघडी मैदाने चिखलाची होतात. या काळात छप्पर असलेली जागा मिळाली तर उत्तम, नाहीतर आठवड्यातून एकदा तबेल्यात जाऊन खरारा, खुरांची निगा आणि चामड्याची देखभाल करावी आणि घरचा व्यायाम चालू ठेवावा. ऑक्टोबरात पुन्हा लाँजवरून सुरुवात करण्यात कमीपणा नाही. घोडाही तितकाच सुस्तावलेला असतो.

पडल्यास

घोडा उधळला तर दोन्ही लगाम ओढून धरू नयेत. एक लगाम आखूड करून घोड्याला मोठ्या वर्तुळावर घ्यावे आणि वर्तुळ हळूहळू लहान करत जावे. भरधाव वेगात मान एकदम वळवली तर घोडा पाय अडखळून कोसळतो. स्वार पडलाच तर त्याने लगाम सोडावा. उठण्याची घाई न करता मान, हात, पाय हलतात का ते पाहावे. डोक्याला मार बसला असेल, क्षणभर शुद्ध हरपली असेल, उलटी किंवा गोंधळलेपणा असेल, तर त्या दिवशी पुन्हा घोड्यावर बसू नये. १०८ वर फोन करून रुग्णालयात जावे. "पडलास की लगेच पुन्हा बस" हा जुना सल्ला डोक्याच्या माराला लागू करणे घातक आहे.

स्वतःचा घोडा

सहा-आठ महिन्यांत मांड पक्की झाली की पुष्कळांना घोडा घ्यावासा वाटतो. ४०० किलोच्या घोड्याला रोज सहा ते आठ किलो सुका चारा लागतो, दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद लागतो, आणि गोव्यात घोड्यांचे काम जाणणारा पशुवैद्य व नालबंद दोघेही फोन केल्याबरोबर मिळतीलच असे नाही. त्यामुळे निदान एक पावसाळा तरी क्लबच्याच एखाद्या घोड्याचा अर्धा खर्च उचलून, आठवड्यातील ठरावीक दिवस तो आपल्याकडे घ्यावा. जुलैच्या पावसात त्याचे खूर, चारा आणि लीद सांभाळता आली, तर विकत घेण्याचा विचार पुढच्या ऑक्टोबरात करता येतो.