युद्धाच्या गेममधला रणगाडा खऱ्यासारखा चालतो का, हे कसे तपासावे

युद्धनीतीच्या कॉम्प्युटर गेममध्ये आपण चालक नसतो, सेनानी असतो. त्यामुळे गिअर कसा पडतो, क्लच किती जड आहे, याच्याशी आपला संबंध येत नाही. मात्र आज्ञा दिल्यापासून रणगाडा ठरल्या जागी पोहोचेपर्यंत किती वेळ गेला, वाटेत तो कुठे मंदावला आणि कुठे रुतला, हे खऱ्यासारखे असलेच पाहिजे, कारण सगळे डावपेच त्या वेळेच्या हिशोबावर उभे असतात. ही तपासणी घरबसल्या एका संध्याकाळी होते. त्यासाठी मोबाइलमधले स्टॉपवॉच आणि एक वही पुरेशी आहे.

गेम सुरू करण्याआधी, जमल्यास, चेनचे पोकलेन वळताना पाहून यावे. नाशिकमध्ये सध्या इतकी बांधकामे चालू आहेत की त्यासाठी फार हिंडावे लागत नाही. एक चेन पुढे आणि दुसरी मागे फिरते, यंत्र जागेवरच वळते, पण वळताना चेनची प्रत्येक पट्टी जमीन आडवी खरवडत जाते आणि मुरुमावर अर्धगोल चर उमटतो. डांबरी रस्त्यावर वळायची वेळ आली तर ऑपरेटर चेनखाली जुने टायर टाकून घेतात. वळणे म्हणजे जमिनीशी झगडणे, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की गेममधले खोटे वळण लगेच ओळखू येते.

पहिली चाचणी वेगाची घ्यावी. शत्रू नसलेला सपाट मॅप उघडून ५०० मीटरचे अंतर निश्चित करावे. अनेक गेममध्ये लक्ष्यावर नेम धरला की अंतर दिसते, त्याचा उपयोग होतो. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर, एवढे सूत्र लक्षात ठेवले की बाकीचा हिशोब तोंडी होतो. दुसऱ्या महायुद्धातल्या, पक्क्या रस्त्यावर ताशी सुमारे ४० किलोमीटरने जाणाऱ्या अमेरिकी शर्मन रणगाड्याला हे अंतर कापायला ४५ सेकंद लागतील, तर ताशी सुमारे २५ किलोमीटरच्या ब्रिटिश चर्चिलला ७२. गेमने काळ किंवा अंतर आवळून घेतले असेल तर सेकंदांऐवजी दोन गाड्यांमधले प्रमाण पाहावे. उभ्या जागेवरून निघतानाही फरक दिसायला हवा. सुरुवातीच्या सोव्हिएत टी-३४ ला टनामागे सुमारे १९ अश्वशक्ती मिळत होती, तर ५७ टनांच्या जर्मन टायगरला ७०० अश्वशक्तीच्या इंजिनातून जेमतेम १२. दोघेही क्लिक करताच पूर्ण वेगाने सुटत असतील तर तशी नोंद करावी.

दुसरी चाचणी वळण्याची, आणि माझ्या मते सर्वांत जास्त सांगून जाणारी हीच आहे. शर्मनला पोकलेनप्रमाणे जागच्या जागी गिरकी घेता येत नव्हती. त्याला पूर्ण वळायला सुमारे १९ मीटर व्यासाचे वर्तुळ लागे. चर्चिल आणि जर्मनांचे पँथर व टायगर यांना मात्र जागेवर वळता येत असे. म्हणून या चौघांना अरुंद गल्लीत उभे करून वळून पाठीमागे जाण्याची आज्ञा द्यावी. शर्मनही भोवऱ्यासारखा फिरला तर त्या गेमने सर्व रणगाड्यांना एकच साचा लावला आहे. तीच आज्ञा चाकांच्या ट्रकला द्यावी. त्याने मागेपुढे करतच वळले पाहिजे. जर्मनांच्या आठ चाकी चिलखती गाडीला मागच्या बाजूलाही चालकाची जागा होती आणि ती मागेही पुढच्याइतक्याच वेगाने जाऊ शके. इतर गाड्या तशाच वेगाने मागे सरत असतील तर माघार घेणे गेममध्ये फारच स्वस्त झाले आहे.

तिसरी चाचणी जमिनीची. निफाडकडच्या काळ्या रानात परतीच्या पावसानंतर फसलेला ट्रॅक्टर ज्याने ओढून काढला आहे, त्याला हे वेगळे समजवावे लागणार नाही. आणि इगतपुरीकडे भाताच्या चिखलणीला ट्रॅक्टरला लोखंडी केज व्हील (पिंजऱ्यासारखी रुंद चाके) लावतात, तेव्हा वजन रुंद जागेवर पसरवणे हाही त्यामागचा एक हेतू असतोच. रणगाड्याचा जमिनीवर किती दाब पडतो हे काढायला त्याचे वजन किलोत घेऊन, दोन्ही चेनच्या जमिनीला टेकलेल्या भागाच्या चौरस सेंटिमीटरांनी भागावे. टी-३४ ची चेन ५० सेंटिमीटर रुंद आणि सुमारे ३७२ सेंटिमीटर टेकलेली. २६,५०० भागिले ३७,२०० म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.७ किलो. ४२ सेंटिमीटरच्या अरुंद चेनवरचा ३० टनी शर्मन जवळजवळ १ किलोपर्यंत जातो. आता चिखलाचा मॅप घेऊन दोघांना तीच वाट दहा-दहा वेळा चालवावे आणि कोण किती वेळा रुतला ते लिहावे. आकडे सारखेच आले तर चिखल केवळ चित्रापुरता आहे. सप्टेंबर १९६५ च्या भारत-पाक युद्धात पंजाबातल्या खेमकरणजवळ असल उत्तरला भारतीय सैन्याने पाणी सोडलेल्या उसाच्या शेतांत पाकिस्तानचे पॅटन रणगाडे अडकले होते. ज्या गेममध्ये असा सापळा रचताच येत नाही, त्यात जमीन हे शस्त्र उरत नाही.

चढाची चाचणी थोडक्यात आटोपते. चर्चिल संथ असला तरी उभ्या चढावर तो इतरांच्या पुढे गेला पाहिजे. हलक्या रणगाड्यांना डोंगर पूर्णपणे बंद असणेही बरोबर नाही, कारण १ नोव्हेंबर १९४८ रोजी काश्मीर आणि लडाखच्या मधल्या, सुमारे ३,५०० मीटर उंचीच्या झोजिला खिंडीत भारतीय सैन्याचे हलके स्टुअर्ट रणगाडे पोहोचले होते. अर्थात त्याआधी सैन्याच्या अभियंत्यांनी वाट रुंद केली होती.

नोंदी हाती आल्या की खेळण्याची रीत बदलावी. वळणे खरी असतील तर लांबची एकच आज्ञा न देता मध्ये दोन-तीन टप्पे द्यावेत, म्हणजे गाडी शत्रूसमोर आडवी होत नाही. चिखल खरा असेल तर शेवटी एक चाचणी आणखी करावी: पाच रणगाडे एकामागोमाग त्याच वाटेने न्यावेत. खऱ्या मऊ जमिनीत प्रत्येक फेरीने चाकोरी खोल होते आणि मागचा रणगाडा पोटावर टेकतो. गेममध्येही पाचवा रणगाडा पहिल्यापेक्षा जास्त वेळा अडकत असेल, तर द्राक्षाच्या क्रेट भरलेला ट्रॅक्टर ओल्या बांधाने नेताना आपल्याकडचा चालक करतो तेच करावे: जुनी चाकोरी सोडून हातभर बाजूने, न तुडवलेल्या जमिनीवरून गाडी काढावी.