कोकणात हॅम रेडिओ लावताय? सेट नंतर, आधी वायरीचं बघा

हॅम रेडिओ म्हणजे लायसन्स काढून वायरलेस सेटवर बोलायचा छंद. त्यात नवीन आलेला कोणीतरी दर दोन-चार महिन्यांनी विचारतोच, "लायसन्स आलं, आता सेट कुठला घेऊ?" आणि मी दरवेळी उलटं विचारतो, घर समुद्रापासून किती लांब, आणि वर कौलं आहेत का पत्रा? लोकांना वाटतं हा विषय टाळतोय. पण अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत आपल्याकडे सेट सहसा मरत नाही, मरते ती केबल, आणि तीही गुपचूप.

माझंच सांगतो. पहिल्या वर्षी आरजी-५८ केबल ३० मीटर ओढली, टोकाला पीएल-२५९ कनेक्टर बसवला, वर साधी काळी टेप गुंडाळली आणि खूश. मे महिन्यात झकास चाललं. गणपतीत सेट लावला तर कोणी ऐकेचना, मीटरवर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप, १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं) मात्र १.१, उन्हाळ्यापेक्षाही चांगला! शेवटी अँटेना उतरवून कनेक्टर उघडला तर टेपखाली काळा चिकट चिखल, आत सगळं हिरवंगार, आणि केबल कापत गेलो तर पाच-सहा फुटांपर्यंत आतली तांब्याची जाळी काळी पडलेली, वातीत तेल भिनतं तसं पाणी आत भिनलेलं. मग एसडब्ल्यूआर एवढा छान कसा? अहो, केबलच सगळी पॉवर खात होती, परत यायला काही उरतच नव्हतं. त्यामुळे पावसाळ्यानंतर एसडब्ल्यूआर आपोआप सुधारला तर पेढे वाटू नका.

आता कनेक्टर कसा बांधायचा ते. सोल्डर नीट करा, मल्टिमीटरने शॉर्ट नाही ना बघा, मग साध्या टेपचा एक थर, पुढे कधी उघडायचा झाला तर सोपं जातं. त्यावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप, ती रबराची, खेचून जवळजवळ दुप्पट लांब करायची आणि अर्धी अर्धी एकमेकीवर चढवत गुंडाळायची, काही वेळाने ती एकजीव होते. ही टेप ऊन सोसत नाही म्हणून वर परत साधी टेप, आणि हा शेवटचा थर खालून वर गुंडाळत जायचा. कौलं कशी खालून वर रचत जातात, वरचं खालच्यावर येतं आणि पाणी घरंगळून जातं, अगदी तसंच. केबल घरात शिरते तिथे आधी खाली एक झोळ सोडा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल, नाहीतर केबलवरून चालत थेट सेटच्या पाठी येतं. नटबोल्ट स्टेनलेसचे घ्या, जमलं तर ३१६ ग्रेडचे, होड्यांचं सामान विकणाऱ्याकडे विचारा. अ‍ॅल्युमिनियमच्या पाइपाला तांब्याची वायर सरळ आवळू नका, खाऱ्या हवेत अ‍ॅल्युमिनियम पांढरी पूड होऊन झडतं.

आणि केबल चांगली असली तरी १४५ मेगाहर्ट्झला ३० मीटर आरजी-५८ मध्ये साधारण ६ डीबी (डेसिबल) जातात, म्हणजे हँडहेल्डचे, हातात धरायच्या छोट्या सेटचे, ५ वॅट वर पोचेपर्यंत सव्वा वॅट. जाड आरजी-२१३ केबल घातली तर निम्मे तरी पोचतात. ७ मेगाहर्ट्झला एवढं नुकसान नाही, तिथे आरजी-५८ चालून जाते.

मुळात आपल्याला ७ मेगाहर्ट्झच जास्त उपयोगी, कारण पाठीला सह्याद्री. खाली वाडीत बसून व्हीएचएफवर, म्हणजे त्या १४५ मेगाहर्ट्झवर, कोल्हापूर मिळेल ही आशा सोडा, सड्यावर चढलात किंवा घाटमाथ्यावरचा रिपीटर (आपला सिग्नल पकडून पुढे पाठवणारा सेट) मिळाला तर गोष्ट वेगळी. ४० मीटर बँडचा, म्हणजे ७ मेगाहर्ट्झचा, डायपोल (मधोमध केबल जोडलेली दोन बाजूंची वायर) मात्र ६-८ मीटर उंचीवर बांधला की सिग्नल सरळ वर जाऊन वातावरणाच्या वरच्या थरावरून परत खाली पडतो, डोंगर मधे आला काय नि न आला काय, दिवसा पुणं, कोल्हापूर, बेळगाव आरामात. लांबीचा हिशोब सोपा, १४२.५ भागिले मेगाहर्ट्झ, इथे ७.१, म्हणजे एकूण २० मीटर, प्रत्येक बाजूला १० मीटर. कापताना थोडी जास्त ठेवा, मग इंचाइंचाने छाटा.

आधाराला माड आहेतच, पण माड वाऱ्यात झुलतो आणि दोन्हीकडे ताणून बांधलेली वायर पहिल्याच वादळात तुटते. एका टोकाला पुली लावा आणि दोरीला दगड लटकवा, माड झुकला की दगड वर जातो, सरळ झाला की खाली येतो. दोरी वर न्यायला आधी गोफणीने तंगूस टाका, किंवा नारळ पाडायला गडी येतो तेव्हा त्यालाच सांगा, तो दोन मिनिटांत करतो आणि वर आपल्याला हसतो. पाडणीच्या वेळी वायर खाली घ्यायला विसरू नका, एक झावळ पुरते.

कौलारू घर असेल तर माळ्यावरही अँटेना चालतो, पावसात कौलं भिजली की त्याची फ्रिक्वेन्सी थोडी सरकते इतकंच. पत्रा असेल तर ते विसरा.

अर्थिंगला जांभा वैताग आणतो, रॉड आत जातच नाही आणि सुकला की उपयोगही नाही, त्यापेक्षा विहिरीजवळची ओली माती शोधा. वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात, गडगडायच्या आधीच, केबल सेटवरून काढून घराबाहेर टाका. काचेच्या बरणीत टोक ठेवायची जुनी पद्धत सांगतील, तिने वीज अडत नाही.

बॅटरीचं महत्त्व ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-दापोलीकडच्यांना सांगायला नको, टॉवर बंद, लाइट कित्येक दिवस नाही. १०० वॅटचा सेट बोलताना २० अँपियरच्या आसपास ओढतो, पॉवर २०-२५ वॅटवर आणली तर बॅटरी बरीच जास्त टिकते आणि समोरच्याला फरक फारसा कळत नाही. घरात घरघर येत असेल तर मेन स्विच, इन्व्हर्टर आणि सोलर चार्जर बंद करून सेट बॅटरीवर ऐका, आवाज गेला तर चोर घरातच, बहुतेक इन्व्हर्टर, सोलर चार्जर नाहीतर स्वस्त एलईडी बल्ब.

बोलण्याचं थोडक्यात: आधी ऐका, मग विचारा, कोणी फ्रिक्वेन्सी वापरतंय का, आणि दोन बोलण्यांमधे एक-दोन सेकंद सोडा, कोणाला निकड असेल तर त्याला शिरता येतं. लायसन्स व्हीयू३ (रिस्ट्रिक्टेड) असो की व्हीयू२ (जनरल), कॉलसाइन, म्हणजे लायसन्सवरचं आपलं ओळखनाव, द्या. स्वस्त हँडहेल्डवर १५६.८ मेगाहर्ट्झही लागतो, तो बोटींचा चॅनल १६, संकटात हाक मारायचा, तिथे गंमत म्हणूनसुद्धा बटण दाबायचं नाही. आपली जागा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ. तिथे उन्हाळ्यातल्या स्वच्छ संध्याकाळी कान ठेवा, समुद्रावर गरम हवेचा थर बसला की सिग्नल त्याखालून लांबवर घसरत जातो. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या २०० मेगाहर्ट्झ रडारवर हजार मैलांपलीकडचा अरबस्तानचा किनारा दिसला होता तो असाच.

आणि दसऱ्याला हत्यारं पुजतात त्याच दिवशी मी अँटेना खाली घेतो आणि वरच्या टोकाचा कनेक्टर उघडतो. हिरवा दिसला तर तिथून हातभर केबल कापून टाकायची, तरी जाळी काळीच असली तर अख्खी बदलायची.