स्तनातली गाठ काढून घरी आल्यावर: आधी रिपोर्ट आणा

टाके आणि ड्रेसिंगचं डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असतं, तसंच करा. जखमेवर हळद-तेल कुणी कितीही सांगितलं तरी लावू नका. लाली वाढली, पू आला, ताप भरला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

खरं काम म्हणजे हिस्टोपॅथॉलॉजीचा, म्हणजे काढलेली गाठ लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याचा रिपोर्ट. तो येतो तेव्हा पेशंट घरी आलेली असते, आणि घोळ होतो तो इथेच. माझ्या थोरल्या बहिणीच्या वेळी "गाठ निघाली, सुटलो" म्हणून आम्ही तो आणलाच नाही. तीन महिन्यांनी दाखवायला गेलो तेव्हा कळलं, एका कडेला खराब पेशी राहिल्या होत्या. पुन्हा ऑपरेशन. त्यानंतर नात्यातल्या, शेजारच्या ज्या ज्या बाईसोबत गेले, तिचा रिपोर्ट मी स्वतः जाऊन आणला.

त्यात आधी निदान बघा. साधा फायब्रोअ‍ॅडिनोमा (कॅन्सर नसलेली गाठ) असेल तर घोर लावून घेऊ नका. फायलॉइड्स (स्तनातल्या गाठीचाच एक प्रकार) त्याच जागी परत येऊ शकतो, बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत. एटिपिकल डक्टल हायपरप्लेजिया (दुधाच्या नळीतल्या पेशींची वेगळी दिसणारी जादा वाढ) हा कॅन्सर नव्हे, पण पुढे कॅन्सर होण्याचा धोका सुमारे ४ पट, आणि तोही दोन्ही स्तनांत. नुसती ऑपरेशनची बाजू चाचपून भागत नाही. डीसीआयएस म्हणजे दुधाच्या नळीतच असलेला कॅन्सर. तो परतला तर जवळपास निम्म्या वेळा नळीबाहेर शिरलेला असतो.

मग मार्जिन. काढलेल्या तुकड्याची कुठली बाजू कुठली हे कळावं म्हणून सर्जन त्याला लांब-आखूड दोरे बांधतात. लॅबमध्ये त्याच्या कडांना शाई लावतात. शाईपासून खराब पेशींपर्यंतचं अंतर म्हणजे मार्जिन. डीसीआयएस काढून स्तन राखला असेल तर ते २ मिलिमीटर हवं. "मार्जिन फ्री" एवढ्यावर उठू नका, "किती मिलिमीटर?" विचारा.

डीसीआयएसला रेडिएशन सांगितलं तर "कॅन्सर तर निघाला" म्हणून टाळू नका. त्याने तिथेच परतण्याचा धोका साधारण निम्मा होतो. टॅमॉक्सिफेन (इस्ट्रोजेन हार्मोनचा स्तनावरचा परिणाम अडवणारी गोळी) दिली तर ती सहसा ५ वर्षं असते. ती घेताना, पाळी थांबल्यावर रक्तस्राव झाला तर लगेच सांगा, मनाने गोळी सोडू नका.

डीसीआयएसनंतर पहिली मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) ६ ते १२ महिन्यांत, पुढे दरवर्षी. जुन्या फिल्म न्यायच्याच. व्रणाखाली थोडं टणक लागतं, पण नवी गाठ लागली तर तारखेची वाट बघू नका.

दुसरं मत घ्यायला परळला टाटामध्ये जाणार असाल तर लॅबमधून काचेच्या स्लाइड आणि गाठीचे तुकडे जपलेले मेणाचे ब्लॉक मागून घ्या. नुसता कागद नेलात तर ब्लॉक आणायला परत फेरी पडते.