नव्या एक्सेलमध्ये जुना तक्ता विस्कटला तर

जुनी शीट नव्या वर्कबुकमध्ये हलवली की फॉन्ट बदलतो, रकाने कमी-जास्त होतात आणि एका पानात बसणारा तक्ता दुसऱ्या पानावर जातो. रकाने एकेक करून ओढत बसण्यात अर्थ नाही, खोट 'नॉर्मल' स्टाइलमध्ये, म्हणजे साध्या सेलचा फॉन्ट आणि आकार ठरवणाऱ्या मूळ मांडणीत असते. एक्सेल रकान्याची रुंदी याच स्टाइलच्या फॉन्टमधल्या शून्याच्या रुंदीवरून मोजतं. २००३ पर्यंत तो एरियल १० होता, २००७ पासून कॅलिब्री ११, आता ॲप्टोस नॅरो ११.

म्हणून शीट हलवण्याआधीच नव्या वर्कबुकमध्ये होम, सेल स्टाइल्स, 'नॉर्मल'वर राइट क्लिक, मॉडिफाय, फॉरमॅट या वाटेने जुना फॉन्ट आणि आकार द्यायचा. रंगही वेगळे दिसत असतील तर पेज लेआउटमधून जुनी थीम लावायची. पुढच्या फाइलींसाठी ऑप्शन्समधल्या जनरलमध्ये डीफॉल्ट फॉन्ट बदलता येतो, पण एक्सेल बंद करून उघडल्याशिवाय तो लागू होत नाही.