पायलट पॅकअपनंतर का अडकतो? वेब सिरीज करणाऱ्यांनो, या चुका टाळा

माझ्या कपाटात एक हार्ड डिस्क आहे. तिच्यावर आमच्या पहिल्या पायलटचं, म्हणजे सिरीज विकण्यासाठी आधी करायच्या नमुन्याच्या एपिसोडचं, चार दिवसांचं शूट आहे. कॅमेरा चांगला होता, कलाकार जीव ओतून काम करत होते, शेवटच्या दिवशी पॅकअप झाल्यावर सगळ्यांचे डोळे भरून आले होते. तो एपिसोड आम्ही पूर्ण करू शकलो नाही. त्यानंतर स्वतःचे आणि इतरांचे मिळून बरेच पायलट मी जवळून पाहिले, काहींचं प्रॉडक्शनही सांभाळलं. त्यातले जे रखडले, ते बहुतेक सगळे पॅकअपनंतर रखडले. चूक मात्र शूटच्या कितीतरी आधी झालेली होती.

बजेट पॅकअपपर्यंतच मोजणं

कुणी पायलटचं बजेट दाखवायला आणलं की मी आधी शेवटच्या ओळी बघते. कॅमेरा, लाइट, लोकेशन, प्रवास, जेवण, मानधन हे सगळं नीट भरलेलं असतं. खाली 'पोस्ट' (शूटनंतरचं सगळं काम) अशी एकच ओळ आणि तिच्यासमोर अंदाजाने टाकलेला आकडा. त्या एका ओळीत एडिट, डायलॉग साफ करणं, डबिंग, फॉली (पावलं, दार असे आवाज नंतर भरणं), पार्श्वसंगीत, मिक्सिंग, डीआय (चित्राचे रंग नीट करणं), सबटायटल्स, हार्ड डिस्क, पोस्टर आणि फेस्टिव्हलच्या प्रवेश फी एवढं सगळं कोंबलेलं असतं. शिवाय पॅचवर्क, म्हणजे राहिलेले शॉट नंतर घेणं, असतंच. एडिटला बसल्यावर एखादा शॉट कमी पडला नाही, असं मी अजून पाहिलेलं नाही.

आमचं घोडं इथेच पेंड खात होतं. नायक दार उघडून आत येतो, एवढा एकच शॉट घ्यायचा राहिला होता. त्याच्याशिवाय पुढचा अख्खा प्रसंग लागत नव्हता. पैसे जमेपर्यंत पाच महिने गेले. तोवर नायकाने दुसऱ्या कामासाठी दाढी काढली होती आणि घरमालकाने त्या खोलीला नवा रंग दिला होता. तीन सेकंदांच्या शॉटसाठी पूर्ण दिवसाचं शूट पुन्हा करावं लागणार होतं, आणि तेवढे पैसे आमच्याकडे नव्हते.

आता मी उलट्या बाजूने मोजते. हातात जी रक्कम आहे तिच्यातले १० टक्के बाजूला काढायचे आणि काहीही झालं तरी एडिट लॉक (कायम) होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. उरलेल्यातला एक तृतीयांश पोस्टचा. मग जे राहील त्यात शूट. तेवढ्यात शूट बसत नसेल तर कात्री स्क्रिप्टला लावायची, पोस्टला नाही. रात्रीचे बाहेरचे प्रसंग, गर्दी, धावत्या गाडीतले संवाद आणि एकाच पानासाठी लागणारं वेगळं लोकेशन, या चार गोष्टींनी छोट्या युनिटचे सगळ्यात जास्त पैसे जातात. त्या लिहितानाच वळवता येतात.

दिवसांचा हिशेबही तसाच चुकतो. स्क्रिप्टचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, हे सगळ्यांना पाठ असतं. छोटं युनिट दिवसाला नीटपणे चार-पाच पानं काढतं, हे मात्र कुणी धरत नाही. २४ पानांचा पायलट दोन दिवसांत बसवला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी क्लायमॅक्स एकाच वाइड शॉटमध्ये उरकावा लागतो. पुढे एडिटरकडे कापायला काहीच नसतं.

पायलटची शॉर्ट फिल्म करून ठेवणं

गोष्ट पूर्ण संपवून टाकली की समोरचा 'छान झालंय' म्हणतो आणि निघून जातो. पुढचं बघायचं कारणच त्याला दिलेलं नसतं. याच्या उलट चूक म्हणजे २० मिनिटं नुसती ओळखपरेड करायची आणि खरी गोष्ट दुसऱ्या एपिसोडसाठी राखून ठेवायची. तो दुसरा एपिसोड अजून अस्तित्वात नाही, हे विसरून चालत नाही. पायलटमध्ये एक छोटी गोष्ट पुरी व्हावी आणि मोठी सुरू व्हावी.

मी लेखकांना एकच विचारते: तिसऱ्या एपिसोडमध्ये काय होतं, एका वाक्यात सांग. जो अडखळतो त्याच्याकडे सिरीज नसते, एक प्रसंग असतो. सहा एपिसोडचा प्रत्येकी एक परिच्छेद, पात्रांची ओळख आणि सिरीजचा सूर, एवढं 'बायबल', म्हणजे सिरीजचा लेखी आराखडा, शूटच्या आधी तयार हवं. आणि लांबीचा हट्ट नको. अमेरिकन अभिनेत्री-लेखिका फेलिशिया डे हिने 'द गिल्ड' आधी टीव्हीचा पायलट म्हणून लिहिलं होतं. मग ते काही मिनिटांच्या छोट्या एपिसोडमध्ये मोडून २००७ मध्ये यूट्यूबवर आणलं. सुरुवातीचे एपिसोड स्वतःच्या पैशांवर झाले, आणि ते संपल्यावर प्रेक्षकांनी पेपॅलवरून पाठवलेल्या देणग्यांवर पहिला सीझन पूर्ण झाला. अर्ध्या तासाच्या एका एपिसोडसाठी ती पैशांची वाट बघत बसली असती, तर हे प्रेक्षक तिला मिळालेच नसते.

प्रेक्षक नसताना क्राउडफंडिंग

वरच्या गोष्टीतला क्रम महत्त्वाचा आहे: आधी काम दाखवलं, मग पैसे मागितले. अमेरिकन लेखिका-अभिनेत्री इसा रे हिनेही तेच केलं. 'ऑकवर्ड ब्लॅक गर्ल' २०११ च्या सुरुवातीला यूट्यूबवर आली, काही एपिसोड लोकांनी पाहिले, आणि मग उरलेल्या सीझनसाठी तिने किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून थोडे थोडे पैसे गोळा करण्याच्या (क्राउडफंडिंगच्या) वेबसाइटवर, ३० हजार डॉलर मागितले. मिळाले ५६ हजारांवर. २०१६ मध्ये तिची पुढची मालिका एचबीओवर आली.

आपल्याकडे मात्र लोक पोस्टर करतात, 'आमचं स्वप्न' म्हणून एक व्हिडिओ करतात आणि मोहीम उघडतात. पहिल्या दोन दिवसांत घरचे आणि मित्र पैसे टाकतात, मग आकडा हलत नाही. किकस्टार्टरचा नियम आहे की ठरवलेली रक्कम मुदतीत पूर्ण झाली नाही तर काहीच हातात येत नाही. मुदत जास्तीत जास्त ६० दिवसांची. पूर्ण झाली तर त्यातले ५ टक्के त्यांचे, आणि पैसे पोचवण्याचा खर्च त्यावर आणखी. तिथे तुमच्या देशातून मोहीम उघडता येते का, हेही आधीच तपासा. हे सगळं धरूनच लक्ष्य ठरवा, आणि उघडण्याआधी किमान एक तृतीयांश रक्कम कोण देणार त्यांची नावं कागदावर लिहा. नावं लिहिता आली नाहीत तर मोहीम पुढे ढकला.

देणगीदारांना टी-शर्ट, पोस्टर, कॉफीचे मग पाठवण्याची आश्वासनं देऊ नका. छपाई आणि टपालखर्चातच एडिटरचे पैसे जातात. शूटचे पडद्यामागचे व्हिडिओ, स्क्रिप्टची प्रत, श्रेयनामावलीत नाव, या गोष्टींना जवळपास खर्च नाही आणि लोकांना त्या खरंच आवडतात.

ओळखीच्यांकडून घेतलेल्या पैशांबद्दल एक कळकळीचं सांगणं. ते पैसे मदत आहेत, उसने आहेत की भागीदारी, हे त्याच दिवशी लिहून घ्या. दोन ओळींचा मेल चालेल. पायलट स्वतः क्वचितच पैसे मिळवतो, पैसे आलेच तर पुढे सिरीज विकली गेल्यावर येतात. मावसभावाला हे आधी सांगितलं नाही तर वर्षभराने प्रत्येक घरगुती समारंभात तो विषय निघतो, आणि नातं कायमचं बिघडतं. मी हे डोळ्यांनी पाहिलंय.

'आपलीच माणसं आहेत' म्हणून कागद न करणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एका पायलटला एका प्लॅटफॉर्मकडून चांगला प्रतिसाद आला होता. त्यांनी पहिलंच मागितलं ते हक्कांची पूर्ण साखळी: कथा कुणाची, ती लेखकाकडून निर्मात्याकडे कशी आली, दिग्दर्शक, कलाकार, संगीतकार यांच्या सह्या, लोकेशनची परवानगी. कथेची मूळ कल्पना एका मित्राची होती. तो लेखनाच्या पहिल्या महिन्यात होता आणि मग भांडून बाहेर पडला होता. त्याची सही नव्हती. त्याला शोधून, समजावून, मोबदला ठरवून सही घेईपर्यंत तीन महिने गेले आणि तिकडचा अधिकारी बदलला. नवीन अधिकाऱ्याला विषयातच रस नव्हता.

लेखकाचा करार पहिल्या ड्राफ्टच्या आधी. कलाकार आणि तंत्रज्ञांचे पहिल्या कॉलशीटच्या (शूटच्या दिवसाच्या वेळापत्रकाच्या) आधी. कुणी फुकट काम करत असेल तरी करार हवा, उलट तेव्हा तर हवाच. 'पैसे आले की देऊ' असं ठरलं असेल तर किती, कधी आणि कशातून हे आकड्यांत लिहा.

संगीतात दोन वेगळे हक्क असतात: गाण्याच्या रचनेचा आणि त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचा. एक घेऊन भागत नाही. काही जण स्वस्त पडतो म्हणून फक्त फेस्टिव्हलपुरता परवाना घेतात. पुढे पायलट ऑनलाइन टाकायचा म्हटलं की तोच ट्रॅक काढावा लागतो आणि त्याच्या तालावर कापलेला अख्खा प्रसंग पुन्हा कापावा लागतो. मागे चालू असलेला टीव्ही, भिंतीवरचं चित्र, कुणाच्या मोबाइलची रिंगटोन, हेही कुणाच्या तरी मालकीचं असतं. रेकीला, म्हणजे लोकेशन बघायला जाता तेव्हाच, नजर फिरवा.

कलाकारांना 'सिरीज झाली की तूच' असं तोंडी वचन देऊ नका. 'हॅझबिन हॉटेल' या अ‍ॅनिमेशन सिरीजचा पायलट ऑक्टोबर २०१९ मध्ये यूट्यूबवर आला, सिरीज प्राइम व्हिडिओवर येईपर्यंत जानेवारी २०२४ उजाडला, आणि तोवर मुख्य पात्रांचे आवाज बदलले होते. पैसे लावणारा बदलला की असे निर्णय त्याच्या हातात जातात. करारात 'प्रथम विचार केला जाईल' एवढंच लिहा आणि ते पाळा.

आवाजाला शेवटचा नंबर देणं

चित्र थोडं दाणेदार असलं तरी प्रेक्षक सांभाळून घेतो. संवाद कळला नाही तर पुढच्या मिनिटाला बंद करतो. तरीही साउंड रेकॉर्डिस्टचेच पैसे आधी कापले जातात.

एका घरात आम्ही शूट करत होतो. शांत खोली, दोन बहिणी, हळू आवाजातलं बोलणं. तिसऱ्या टेकला रेकॉर्डिस्टने हेडफोन काढले आणि म्हणाला, 'ताई, फ्रिज.' आम्हा कुणालाच ऐकू येत नव्हता. हेडफोन लावल्यावर ती घरघर प्रत्येक शब्दाखाली स्पष्ट होती. आम्ही फ्रिज बंद केला आणि त्याने स्वतःच्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली, म्हणजे पुन्हा चालू केल्याशिवाय कुणी घरी जाणार नाही. मग सगळ्यांना गप्प उभं करून खोलीची नुसती शांतता एक मिनिट रेकॉर्ड केली. त्या रूम टोनवर पुढे सगळे कट जोडले गेले. प्रत्येक लोकेशनवर ते एक मिनिट घ्याच.

तांत्रिक बाजूच्या काही गोष्टी पटकन. आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) २४ की २५ हे एकदा ठरवा आणि सगळ्या कॅमेऱ्यांवर तोच ठेवा. मोबाइलवर घेतलेल्या फुटेजचा फ्रेम रेट बदलता असतो, त्यामुळे एडिटमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे पडतात. ते फुटेज आधी स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून मगच टाइमलाइनवर घ्या. लाइट लुकलुकत असेल तर कॅमेऱ्याचा शटर स्पीड बघा: वीज ५० हर्ट्झची असेल तिथे १/५०, ६० हर्ट्झची असेल तिथे १/६०. फुटेजच्या तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या घरी. आणि मिक्स करताना संवाद, संगीत व इफेक्ट्सचे ट्रॅक वेगळे काढून घ्या. दुसऱ्या भाषेत डबिंग करायची वेळ आली की हेच मागतात, आणि वर्षभराने मिक्सिंगवाल्याकडे तो प्रोजेक्ट उघडेलच असं नाही.

घाईने ऑनलाइन टाकणं

पायलट तयार झाला की हात शिवशिवतात. पण काही फेस्टिव्हल आधी जाहीरपणे प्रदर्शित झालेलं काम घेत नाहीत. अमेरिकेतल्या सनडान्स फिल्म फेस्टिव्हलने २०१८ पासून स्वतंत्र एपिसोडिक (भागांत सांगितलेल्या) कामांसाठी वेगळा विभाग सुरू केला. डेन्व्हरचा सिरीजफेस्ट तर एपिसोडिक कामांसाठीच आहे. आधी तिकडचे नियम वाचा आणि पासवर्ड असलेल्या लिंकवर पायलट पाठवा. तुमची ताकद थेट प्रेक्षकांमध्ये असेल तर बिनधास्त यूट्यूबवर टाका, मात्र एक एपिसोड टाकून वर्षभर गायब होऊ नका. दोन-तीन छोटे एपिसोड हातात ठेवूनच पहिला सोडा.

आधीच अडकला असाल तर

पैसे संपले असतील तर सगळा पायलट पूर्ण करण्याचा विचार सोडा. सगळ्यात चांगला वठलेला प्रसंग निवडा, तेवढाच तीन-चार मिनिटांचा नीट एडिट, मिक्स आणि डीआय करा. बायबलसोबत तो दाखवता येतो. आवाज खराब असेल तर नॉइज काढण्याच्या सॉफ्टवेअरवर आठवडे घालवण्याआधी दोन वाक्यं डब करून बघा, बऱ्याचदा ते स्वस्तात पडतं. शॉट राहिला असेल तर हात, पाठमोरी आकृती, दाराचा आवाज किंवा फोनवरचं बोलणं यांनी तो भरून निघतो का, हे एडिटरला विचारा. सह्या राहिल्या असतील तर आज फोन करा. प्रोजेक्टला भाव येण्याआधी माणसं सहज सही करतात.

आमच्या त्या डिस्कवरचा स्वयंपाकघरातला प्रसंग मी अलीकडे काढला. चार मिनिटं आणि दहा सेकंद. नायक दारातून येत नाही, फक्त कडी वाजते आणि आई मान वळवते. तो कट एडिटरने अर्ध्या तासात लावला. पाचपैकी चार सह्या आल्या आहेत, पाचवीसाठी उद्या भेटायचं ठरलंय.