हिऱ्याची प्रत कशी पारखावी: अंगठी घेण्याआधी दुकानात काय बघाल

सोन्याचं आपल्याकडे सगळ्यांना कळतं. सोलापूरच्या मंगळवार पेठेतल्या सराफी दुकानात बसलेली कुठलीही आजी भाव, घट, घडणावळ यांचा हिशेब तोंडी मांडते. मग हिऱ्यांचा ट्रे समोर येतो, आजी गप्प होते आणि काउंटरमागचा मुलगा बोलायला लागतो: "वहिनी, व्हीव्हीएस आहे, डोळे झाकून घ्या." (व्हीव्हीएस ही हिऱ्याच्या शुद्धतेची एक वरची पायरी.) ओळखीत कुणाचा साखरपुडा ठरला की लोक मला दुकानात सोबत नेतात. हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता मी त्याला उत्तरही देत नाही. खिशातून भिंग काढतो.

तुम्हीही भिंग स्वतःचंच न्या. दहापट मोठं दाखवणारं पुरतं. बाजारात त्याला लूप म्हणतात. हिऱ्याची प्रतवारी दहापटीतच होते, त्यामुळे तीसपटीच्या भिंगातून बघून घाबरण्यात अर्थ नाही.

आधी घरगुती परीक्षा डोक्यातून काढा

फुंकर मारून वाफ किती लवकर जाते बघा, वर्तमानपत्रावर ठेवून अक्षरं दिसतात का बघा, काचेवर ओरखडा काढा. हे सगळं व्हॉट्सॲपवर फिरत असतं. काचेवर ओरखडा साधी गारगोटीसुद्धा काढते. "हातोडीने फुटत नाही तो खरा" हे ऐकलं की अंगावर काटा येतो. हिरा कठीण आहे म्हणजे सहजी ओरखडला जात नाही, एवढंच. ठरावीक दिशांनी तो चिरतो आणि ठोका तिथे बसला तर तुकडा पडतो. आणि यातली एखादी युक्ती चालली तरी ती फार तर खरा-खोटा सांगेल. प्रत त्यातून कळत नाही.

दुकानातलं "टीं" वाजणारं टेस्टर यंत्रसुद्धा प्रतीबद्दल काही सांगत नाही. उष्णता मोजणारं साधं टेस्टर मोइसनाइटला, म्हणजे हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या वेगळ्याच खड्याला, हिरा समजतं आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यावरही वाजतं, कारण तो हिराच असतो.

खाणीतला की लॅबमधला

भाव विचारायच्या आधी हा प्रश्न विचारा. लॅबचा हिरा दोन पद्धतींनी बनतो. एचपीएचटीमध्ये प्रचंड दाब आणि उष्णता वापरतात, सीव्हीडीमध्ये वायूतल्या कार्बनचे थर एकावर एक चढवतात. डोळ्यांनी फरक कुणालाच कळत नाही, सराफालाही नाही. त्याला खास यंत्रं लागतात. माझा लॅबच्या हिऱ्याला विरोध नाही, हौस म्हणून घ्या. मात्र त्याचा भाव गेल्या काही वर्षांत खूप उतरला आहे आणि मोडायला गेलात तर हाती फारसं काही येत नाही. हिरे तपासून त्यांची प्रत ठरवणाऱ्या जीआयए या संस्थेने तर २०२५ मध्ये लॅबच्या हिऱ्यांना नेहमीची रंग-शुद्धतेची अक्षरं देणं थांबवून "प्रीमियम" आणि "स्टँडर्ड" एवढेच दोन वर्ग ठेवले. त्यामुळे दोन प्रकारच्या हिऱ्यांची अक्षरं शेजारी ठेवून "हा बघा किती स्वस्त" असं कुणी म्हणालं तर ऐकून सोडून द्या.

कट: इथे घाई करायची नाही

वजन, रंग, शुद्धता आणि कट या चार गोष्टींवर हिऱ्याची प्रत ठरते. पहिल्या तीन निसर्गाकडून येतात, कट माणसाच्या हातचा. आपण मात्र पहिल्या तिघांचे पैसे मोजतो आणि कट विचारतही नाही. मला स्वतःला हाच भाग उमगायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण दुकानात प्रत्येक खडा चमकतो.

तो का चमकतो, ते आधी समजून घ्या. छतातले छोटे, टोकदार दिवे मुद्दाम लावलेले असतात. त्या प्रकाशात काचेचा खडासुद्धा ठिणग्या टाकतो. म्हणून पहिलं काम: अंगठी घेऊन त्या दिव्यांच्या खालून बाजूला व्हा. साध्या ट्यूबलाइटखाली बघा, मग काउंटरच्या कडेच्या सावलीत धरा, मग दाराजवळ सावलीतच बघा. चांगला कापलेला हिरा मंद प्रकाशातही जिवंत राहतो. वाईट कापलेला तिथे राखेसारखा पडतो. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या, पैसे तुमचे आहेत.

आता कारण. वरून आत गेलेला उजेड खालच्या पैलूंवर आपटून परत वर यायला हवा. खालचा भाग फार उथळ असेल तर उजेड तळातून निसटतो आणि वरच्या सपाट पैलूच्या आत एक करडं कडं दिसतं; त्याला फिश-आय म्हणतात. फार खोल असेल तर मधोमध काळा ठिपका बसतो, त्याला नेलहेड म्हणतात. हे दोन्ही दोष भिंगाशिवाय दिसतात. खडा सरळ समोर धरा आणि मधला भाग बघा. एवढंच करा, पण प्रत्येक खड्याला करा.

गोल ब्रिलियंट (नेहमीच्या गोल, अनेक पैलूंच्या) खड्याच्या रिपोर्टवर, म्हणजे तपासणाऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर, आकडेही छापलेले असतात. मी टेबल (वरचा सपाट पैलू) ५४ ते ५८ टक्के, एकूण खोली ५९ ते ६२.५ टक्के, वरच्या भागाचा कोन ३४ ते ३५ अंश आणि खालच्या भागाचा ४०.६ ते ४१ अंश, एवढ्यात राहतो. याच्या थोडं बाहेरही सुंदर हिरे असतात, हे मान्य. पण दर आठवड्याला हिरे न बघणाऱ्या माणसाने या चौकटीत राहावं.

अजून सोपी युक्ती मिलिमीटरची. नीट कापलेला एक कॅरटचा गोल हिरा साधारण ६.५ मिमी रुंद असतो, अर्ध्या कॅरटचा ५.१ मिमीच्या आसपास. रिपोर्टवर ०.५० कॅरट आणि रुंदी ४.८ मिमी दिसली, तर उरलेलं वजन पोटात किंवा जाड कडेत दडवलेलं आहे. तुम्ही अर्ध्या कॅरटचे पैसे देताय आणि बोटात दिसणार त्याहून लहान खडा.

आता सगळ्यात जास्त फसवणारी जागा. रिपोर्टवर पॉलिश आणि सिमेट्री असे दोन वेगळे रकाने असतात आणि त्यांच्यापुढे "एक्सलंट" लिहिलेलं असतं. विक्रेता त्यावर बोट ठेवून "कट एक्सलंट" म्हणतो. तो कट नव्हे. पॉलिश म्हणजे पृष्ठभाग किती गुळगुळीत, सिमेट्री म्हणजे पैलू किती जुळलेले. कटचा रकाना वेगळा असतो, तोच शोधा. जीआयए २००६ पासून गोल ब्रिलियंटला कटचा शेरा देते, एक्सलंटपासून पुअरपर्यंत पाच पायऱ्यांचा. ओव्हल, प्रिन्सेस अशा आकारांच्या अनेक रिपोर्टवर हा शेरा नसतोच, तिथे डोळ्यांवरच भिस्त. ओव्हलच्या मधोमध बो-टायसारखा काळा पट्टा दिसतो का, ते बघा. थोडा असतोच. हात हलवला तरी जात नसेल तर तो खडा ठेवून द्या.

माझं मत ठाम आहे: गोल हिऱ्यात कट एक्सलंटच्या खाली उतरायचं नाही. पैसे कमी पडले तर वजन कमी करा.

रंग, आणि सोलापूरचं ऊन

रंगाची पट्टी डीपासून झेडपर्यंत. डी, ई, एफ बिनरंगी. जी ते जे जवळजवळ बिनरंगी. पुढे पिवळेपणा वाढत जातो. समोरून चमक रंग लपवते, म्हणून सुटा खडा कोऱ्या पांढऱ्या कागदाच्या घडीत उपडा ठेवा आणि बाजूने बघा. अंगावर लाल किंवा पिवळी साडी असेल तर हात लांब ठेवा, तो रंग खड्यात उतरतो.

आपल्याकडचा पक्का सल्ला म्हणजे "बाहेर उन्हात नेऊन बघा". नका नेऊ. मे महिन्यात तर नकाच नेऊ, आणि कारण फक्त उष्मा नाही. काही हिरे अतिनील किरणांत निळसर चमकतात; रिपोर्टवर फ्लुरोसन्सच्या पुढे "नन" ते "व्हेरी स्ट्राँग" असं ते लिहिलेलं असतं. आपल्या रखरखीत उन्हात असा खडा आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो. घरी एलईडीखाली आलात की त्याचा खरा पिवळेपणा दिसतो. फ्लुरोसन्स हा दोष आहे असं मी म्हणत नाही. आय-जे रंगात तो थोडा फायद्याचाही ठरतो. पण स्ट्राँग असेल तर भावात सूट मागा आणि खडा दुधाळ दिसत नाही ना, हे सावलीत तपासा.

पिवळ्या सोन्याच्या अंगठीत डी रंगाचा हिरा म्हणजे पैसे पाण्यात. सोन्याची छटा खड्यात येतेच, तिथे आय-जे मस्त दिसतो. व्हाइट गोल्ड किंवा प्लॅटिनम असेल तर जी-एच घ्या.

शुद्धता

शुद्धता म्हणजे खड्यात डाग-चिरा किती कमी. एफएल (बिनडाग) पासून आय३ (डाग डोळ्यांनाही दिसतात) पर्यंत ११ पायऱ्या आहेत, मधे व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय अशा उतरत जाणाऱ्या, आणि लोक व्हीव्हीएसवर येऊन अडकतात. व्हीव्हीएस आणि व्हीएस यांतला फरक साध्या डोळ्यांना दिसत नाही, दिसलाच तर मला बोलवा. मी व्हीएस२ किंवा बघून निवडलेला एसआय१ सुचवतो. एसआयमध्ये डाग कुठे आहे ते महत्त्वाचं: काळा ठिपका टेबलाच्या मधोमध असेल तर नको, कडेला पांढरी रेघ असेल आणि ती प्राँगखाली (खडा धरून ठेवणाऱ्या धातूच्या दाताखाली) झाकली जात असेल तर चालेल. मात्र ती चीर कडेपर्यंत पोचत असेल तर कारागिराला आधी सांगा. तिथे दाब पडला तर खडा टवका सोडतो.

वजन

एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, १०० सेंट. भाव ०.५० आणि १.०० ला उडी मारतो, म्हणून ०.४७ किंवा ०.९३ शोधा.

बारीक हिरे असलेला दागिना

कुड्या, पेंडंट, मंगळसूत्राच्या वाट्या यांत दहा-वीस-पन्नास बारीक खडे असतात. त्यांची सुटी प्रतवारी होत नाही. "ईएफ व्हीव्हीएस" किंवा "जीएच व्हीएस" हा सगळ्या खड्यांचा मिळून अंदाज असतो. जडवलेला खडा नीट मोजता किंवा उलटून बघता येत नाही, म्हणून दागिन्याचा रिपोर्ट सुट्या खड्याच्या रिपोर्टइतका पक्का धरू नका. "एक कॅरटच्या कुड्या" म्हणजे एकेक कॅरटचे दोन हिरे नव्हेत, सगळ्यांची बेरीज. बारीक खड्यांत व्हीव्हीएसचे जादा पैसे देणं मला पटत नाही. त्यापेक्षा कोंदण मागून उघडं आहे का ते बघा, मागून बंद असेल तर आत काय दडलंय कळणार नाही.

रिपोर्ट आणि बिल

जीआयए आणि आयजीआय या हिरे तपासणाऱ्या लॅबचे रिपोर्ट सगळीकडे चालतात. वेगवेगळ्या लॅब एकाच खड्याला वेगळं अक्षर देऊ शकतात, त्यामुळे भावाची तुलना एकाच लॅबच्या दोन खड्यांत करा. रिपोर्ट क्रमांक लॅबच्या संकेतस्थळावर तिथेच उभं राहून तपासा. हॉलमार्क फक्त सोन्याचा, हिऱ्याशी त्याचा संबंध नाही; १८ कॅरटला "१८के७५०" आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) बघा, बीआयएस केअर ॲपवर टाका, झालं.

बिलात सोन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहून घ्या. ६ ग्रॅमच्या अंगठीत ०.६० कॅरटचा हिरा असेल तर सोनं ५.८८ ग्रॅम. हे ०.१२ ग्रॅम सोन्याच्या भावाने लावणारे दुकानदार आहेत, आणि त्या वजनाचे पैसे तुम्ही हिऱ्यात आधीच दिलेले असतात. खाणीतला की लॅबमधला, खड्यांची संख्या, एकूण कॅरट, रंग, शुद्धता आणि परत घेण्याचा दर हे सगळं बिलावर हवं. "आपलंच दुकान आहे, काका" हे बिलावर लिहिता येत नाही.

सुटा खडा निवडून अंगठी बनवायला दिलीत, तर बरेचदा खड्याच्या कडेवर लेसरने रिपोर्ट क्रमांक कोरलेला असतो. देण्याआधी तो भिंगातून वाचा आणि त्या जागेवर प्राँग येऊ देऊ नका, असं कारागिराला सांगा. अंगठी तयार होऊन आली की तोच क्रमांक पुन्हा वाचा. उरलेले पैसे त्यानंतर द्या.